नवरंग उतरला का तुमच्याकडे? (सातपुडा पायथा, पाटणादेवी, तोरणमाळ, सगळ्यांनी लिहा)

केळीचं_पान | २९ मे, सकाळी ९:१५

रामराम मंडळी,

आज पहाटे नवरंग पक्ष्याची यंदाची पहिली शीळ ऐकली. सहाला दहा मिनिटं कमी होती. यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं वावर संपतं तिथून एक नाला डोंगरात शिरतो, त्या नाल्यात. एकदाच वाजली. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा एकदा, जरा वरच्या अंगाला.

ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन सुरांची शीळ असते. पहिला सूर वर चढतो, दुसरा लगेच खाली उतरतो. व्हीट्-ट्यू. नाल्याच्या पलीकडे गेलेल्या सोबत्याला गुराखी बोटं तोंडात घालून हाक मारतो ना, तशी खणखणीत. कधी मध्ये एक सूर जास्तीचा लागतो. आवाज एवढा मोठा की पक्षी केवढा असेल असं वाटतं, आणि असतो मात्र साळुंकीपेक्षाही लहान. १८-१९ सेंटीमीटर लांबी, वजन पन्नास-साठ ग्रॅम.

मोटर चालू करून आलो होतो, पाणी भरायला दोन तास होते. करंजाच्या बुंध्याला टेकून बसलो. सव्वासातच्या सुमाराला तो दिसला. झाडावर नाही, जमिनीवरच. माझ्यापासून फार तर पंधरा पावलांवर. दोन टुणुक उड्या, थांबला. मान तिरकी केली. चोचीनं सागाचं एक अख्खं पान कडेला धरलं आणि उलटं टाकलं. त्या पानापुढे तो स्वतः अर्धाच होता. खाली काही मिळालं नाही. पुढं गेला, दुसरं पान. या वेळी काहीतरी वळवळणारं उचललं, जमिनीवर दोनदा आपटलं आणि गिळलं. हे सगळं चालू असताना ती आखूड शेपटी सावकाश खाली-वर, खाली-वर.

रंगांचं वर्णन सगळे करतात, मीही करतो, कारण डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पाठ हिरवी. खांद्यावर आणि शेपटीच्या मुळाशी लखलखीत निळा. छाती-पोट बदामी, आणि शेपटीखाली कुंकवाचा हात लागावा तसा लाल. डोक्यावर बदामी पट्टे, मधोमध काळी रेघ. डोळ्यावरून मानेपर्यंत जाड काळी पट्टी, तिच्यावर पांढरी भुवई, खाली पांढरा गळा. उडाला की पंखात पांढरा ठिपका चमकतो. आणि एवढे रंग असूनही तो पाठमोरा होऊन सावलीत थांबला की दिसेनासा होतो. हिरवी पाठ सावलीत मिसळून जाते. मी नजर काढली नव्हती, तरी दोनदा हरवला.

आता खरं जे लिहायचं आहे ते.

आमच्या त्या नाल्याला दोन काठ आहेत. मार्च महिन्यात पश्चिमेच्या काठाला वणवा लागला होता. तो काठ आज अंगण झाडल्यासारखा मोकळा आहे, खडक आणि राख. पूर्वेच्या काठाला आग ओलांडून आली नाही. तिथं साग, करंज, बांबू यांचा पाचोळा जसाच्या तसा पडलेला. मी हात घालून पाहिलं. वरचा थर कुरकुरीत. चार बोटं खाली गेलो तर काळा, दमट, मातीचा वास. वाळवी, बारके किडे, एक गोगलगाय. मे महिन्याचं शेवटचं टोक, कालचं तापमान ४४ अंश, पाऊस नाही, आणि त्या पाचोळ्याखाली ओल शिल्लक होती!

नवरंग पूर्ण वेळ पूर्वेच्या काठावर होता. पश्चिमेकडे एकदाही उतरला नाही. तीन वर्षांपासून वहीत तारखा लिहितो आहे (पहिली शीळ २ जून, ३० मे, आणि आज २९ मे). मागच्या वर्षी दोन्ही काठ शाबूत होते आणि दोन्हीकडून शीळ यायची.

एका नाल्यावरून जंगलाचं गणित मांडता येत नाही हे मला कळतं. म्हणून तुम्हाला विचारतो. तुमच्याकडे कधी ऐकला, आणि तिथं खाली पाचोळा होता की जळालेला होता? एवढंच लिहा. पण लिहा.

---

भुसावळकर | २९ मे, रात्री ८:४०

दादा, तुमचा धागा वाचून अंगावर काटा आला. आज सकाळी आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक रंगीत पक्षी पडलेला सापडला. काचेवर आपटला असणार. जिवंत आहे, डोळे उघडे आहेत, पण बसून आहे. फोटो टाकतोय. शेजारचे म्हणतात खंड्या आहे, म्हणून सकाळपासून वाटीत पाणी आणि बाजारातून आणलेला बोंबलाचा तुकडा ठेवला. तोंड लावलं नाही. काय करू?

---

डोंगरीकाठ | २९ मे, रात्री ८:५२

भाऊ, बोंबील आधी बाजूला करा. हा नवरंगच आहे.

लगेच करायचं ते लिहिते, बाकीचं नंतर. बुटाचं रिकामं खोकं घ्या, झाकणाला पेन्सिलीनं भोकं पाडा. तळाला जुनं सुती कापड, मऊ पण धागे न निघणारं. पक्षी आत ठेवा, झाकण लावा, अंधाऱ्या आणि शांत खोलीत ठेवा. कूलर-पंख्याचा झोत त्यावर नको. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं आणि बसलेला धक्का सोसूनही पक्षी पाण्यानं मरतो. दर दहा मिनिटांनी उघडून बघू नका, मुलांना दाखवू नका. त्याला आत्ता औषध म्हणजे अंधार. एक पंख लोंबत असेल किंवा मान वाकडी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरी ठेवून पाळायचा विचार मनात आला असेल तर तोही काढा. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, आणि त्याहीपेक्षा म्हणजे पिंजऱ्यात तो टिकणार नाही.

पंख ठीक असतील तर उद्या अगदी पहाटे, कावळे उठायच्या आधी, दाट झाडी असलेल्या बागेत किंवा तापीकाठच्या झाडोऱ्यात खोकं जमिनीवर आडवं ठेवून उघडा आणि मागं सरका. हातानं हवेत उडवू नका.

---

डोंगरीकाठ | २९ मे, रात्री १०:२०

आता बाकीचं.

चाळीसगावकडे शिक्षिका आहे, सुटीच्या दिवशी पाटणादेवीच्या जंगलात फिरते. दर वर्षी मेच्या अखेरीला कुणाचा ना कुणाचा असा फोन येतोच. खंड्या समजण्याची चूक फार जणांची होते, कारण निळा रंग आणि मोठं डोकं. पण खंड्याची चोच बघा, लांब, सुरीसारखी, आणि पाय अगदी बारके. तो तारेवर बसतो, झेप घेतो, परत तारेवर येतो. जमिनीवर चालण्याचं त्याचं कामच नाही. नवरंगाचे पाय उंच आणि मजबूत असतात, गुलाबीसर. आयुष्य जमिनीवर काढायचं तर पाय तसेच लागतात. शास्त्रीय नाव पिट्टा ब्रॅकियुरा. ब्रॅकियुरा म्हणजे आखूड शेपटीचा. पिट्टा हा शब्द तेलुगूतला, तिकडे लहान पक्ष्याला पिट्ट म्हणतात. म्हणजे जगभरच्या या कुळाला आपल्या शेजारच्या भाषेनं नाव दिलं आहे, मला याचं फार कौतुक वाटतं.

तिसऱ्या मजल्यावर कसा पोचला? हे पक्षी रात्री प्रवास करतात. हिवाळा काढतात दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत. मेमध्ये उत्तरेकडे निघतात. दिवसभर जंगलात जमिनीवर राहणारा पक्षी रात्री आकाशात असतो आणि खाली आपली शहरं दिवे लावून बसलेली. दमलेला पक्षी उजेडाकडे ओढला जातो, काचेवर येतो. भुसावळचं स्टेशन, यार्ड, कॉलन्या, रात्रभर लख्ख. महिनाभर गॅलरीचे दिवे रात्री बंद ठेवता आले तर ठेवा.

---

भुसावळकर | ३० मे, सकाळी ७:०५

गेला! ताई, गेला.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. रात्री एकदाही उघडलं नाही, बायको आणि मी दोघंही नीट झोपलो नाही. पहाटे साडेचारला खोक्यातून टकटक आवाज येत होता. पाच वाजता तापीकाठच्या एका ओळखीच्या मळ्यात नेलं. लिंबाच्या बागेला लागून बाभळी, करंज आणि खाली बराच पाला आहे. खोकं आडवं केलं. मिनिटभर बाहेर आलाच नाही. मग एक उडी मारून आला, उभा राहिला, शेपटी दोनदा हलवली आणि सरळ पाल्यात चालत गेला. उडाला नाही, चालत गेला. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर झुडपाखाली एक पान उलटताना दिसला.

माझी मुलगी आठवीत आहे, तिनं नऊ रंग वहीत लिहून घेतले. आठच भरतायत म्हणून भांडतेय.

---

वनमजूर | ३० मे, दुपारी १:३०

पाल गावाच्या बाजूला जंगलात रोजंदारीवर गस्तीचं काम करतो. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

पक्षी बघायला येणारी मंडळी वर बघत चालतात. आम्ही खाली ऐकत चालतो. पाचोळ्यात आवाज आला की पायांचा की चोचीचा ते आधी बघायचं. रानकोंबडा आणि चकोत्री पायांनी उकरतात. खर्र-खर्र, खर्र-खर्र, मग शांत, मग परत. माती मागं उडते. त्या जागेवर नंतर गेलं तर ताटलीएवढा खळगा दिसतो. सातभाई असले तर एकटा आवाज नसतोच, सगळी टोळी पाला उचकटते आणि वरून कलकल. नारिंगी डोक्याचा कस्तूर चोचीनं पान भिरकावतो, आणि पळतो. थांबतो, पळतो. नवरंग पळत नाही, उड्या मारतो. टप्, टप्. मग पानाचा एक आवाज. मग एकदम काहीच नाही. हे 'काहीच नाही' लांबलं की समजायचं तो तुम्हाला बघतोय. अशा वेळी पाय उचलायचा नाही. मोठा काटा टोचला तरी नाही.

घाबरला तरी उंच उडत नाही. सरपटत उडून दहा-वीस पावलांवर परत जमिनीवर. फार झालं तर खालच्या फांदीवर. रात्री मात्र झाडावर झोपतो.

केळीचं पान दादांनी विचारलं त्याचं उत्तर: माझ्या गस्तीच्या हद्दीत जिथं जाळरेषा (आग पुढं सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढतो तिथं पाला साफ असतो, तिथं कधी दिसला नाही. नाल्याच्या सावलीत दिसतो. जाळरेषा काढावीच लागते, नाहीतर सगळंच जाईल. आग लागली की आम्हीच हिरव्या फांद्या घेऊन झोडपायला जातो, त्यामुळं हा विषय आमच्या जिवाचा आहे.

---

वावरवाला_शिरपूर | ३१ मे, सकाळी ६:४०

हाई पाखरू मी दखेल शे भाऊ! मना आजा म्हने, हाई पाखरू बोलनं का पानी दूर नही.

अनेर नदीच्या बाजूला आमचं वावर आहे. आजोबा असेपर्यंत आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की त्यांचे कान नाल्याकडे लागलेले असायचे. शीळ आली की दुसऱ्या दिवशी घरात बियाण्याची पोती काढून ऊन द्यायचे. त्यांना पक्ष्याचं नाव माहीत नव्हतं आणि मला वाटतं त्यांनी तो डोळ्यांनी कधी पाहिलाही नव्हता. फक्त आवाज. तुम्ही लिहिलेलं वाचून आज पहिल्यांदा त्या आवाजाला रंग आले. फार बरं वाटलं.

पण खरंच पाऊस कळतो का त्याला?

---

केळीचं_पान | ३१ मे, रात्री ९:१०

भाऊ, तुमच्या आजोबांचा हिशोब चुकीचा नव्हता. मला समजलं ते सांगतो.

तो पाऊस सांगायला येत नाही, पावसासाठी येतो. पिल्लं होतात जून ते ऑगस्टमध्ये. पिल्लांना गांडुळं, हुमण्या, मऊ अळ्या लागतात, आणि आपल्याकडे या सगळ्या गोष्टी जमिनीच्या वरच्या थरात पावसानंतरच येतात. आपल्या कोरड्या सागाच्या जंगलात हा पक्षी बारा महिने राहूच शकत नाही. म्हणून मृगाच्या तोंडावर पोचायचं, जागा धरायची, शीळ घालून 'ही जागा माझी' म्हणायचं, आणि पाऊस पडला की घरट्याला लागायचं. म्हणजे शीळ आली की पाऊस आठ-पंधरा दिवसांत यायला हवा असतो. पाऊस लांबला तर मात्र त्याचे हाल आपल्यासारखेच. मागल्या खेपेला पाऊस जूनच्या अखेरपर्यंत रुसला होता, तेव्हा नाल्यातल्या डोहाच्या कडेची वीतभर ओली पट्टी, तेवढ्यातच तो दिवसभर असायचा.

आणि अशा वेळी त्याला काय वाचवतं? तो चार बोटांचा पाचोळा. म्हणून मी त्याच्यामागे लागलोय.

शीळ सकाळी आणि संध्याकाळी जास्त. तमिळमध्ये त्याला आरुमणि कुरुवि म्हणतात, सहा वाजताचा पक्षी. श्रीलंकेत सिंहली लोकांची कथा आहे की मोरानं त्याचा झगमगीत पोशाख पळवला आणि तेव्हापासून हा बिचारा तक्रार करत फिरतो. शीळ घालताना डोकं मागं टाकून चोच आभाळाकडे करतो, ते बघितलं की तक्रारीची गोष्ट कुणाला का सुचली ते कळतं. आपल्या खानदेशात त्याची अशी गोष्ट कुणी ऐकली असेल तर जरूर लिहा, म्हाताऱ्या माणसांना विचारा.

आणखी एक. दयाळ, बुलबुल यांची पिल्लं गाणं मोठ्यांचं ऐकून शिकतात. नवरंग ज्या प्राचीन गटातला आहे त्यातल्या पक्ष्यांना गाणं शिकावं लागत नाही, ते अंगातच घेऊन जन्मतात असं मानतात. म्हणूनच तुमच्या आजोबांनी ऐकलेली शीळ आणि परवा मी ऐकलेली, दोन्हींत फरक नसणार.

---

मोहफूल | १ जून, दुपारी ३:२५

नमस्कार. मी धडगाव तालुक्यातली. आमचं घर पाड्यावर, शिक्षणासाठी आता नंदुरबारला असते. धागा पहिल्यापासून वाचला. पाचोळा जळतो म्हटलं की पुढचं वाक्य 'आदिवासी मोहासाठी जाळतात' हे येतंच, अजून इथं कुणी लिहिलं नाही त्याबद्दल आभार. पण कुणी लिहिण्याआधी मीच लिहिते, कारण ते अर्धं खरं आहे आणि अर्ध्याबद्दल कुणी विचारत नाही.

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतात. मी लहानपणापासून वेचली आहेत. पहाटे चारला उठायचं, टोपली घ्यायची. ऊन चढायच्या आत वेचलं नाही तर फूल सुकतं, गुरं खातात. फूल फिकट पिवळं, बोटाच्या पेराएवढं, आणि नेमकं त्याच वेळी झाडाखाली सगळा पाला गळून पडलेला. पाल्यात फूल दिसत नाही. हात घातला तर विंचू असतो. माझ्या आईला दोनदा चावला आहे. म्हणून झाडाखालचा तेवढा गोल जाळतात, म्हणजे जमीन काळी होते आणि त्यावर फूल उठून दिसतं. त्या एका महिन्याच्या फुलांवर घरातलं मीठ-मिरची-कपडा चालतो. हे जाळणं हौसेचं नाही.

चूक कुठं होते, तर आग त्या गोलात थांबत नाही. दुपारचा वारा सुटला की उतार चढते. आणि सगळ्या आगी मोहाच्या नसतात. रस्त्याकडेला टाकलेली विडी असते, चांगलं गवत यावं म्हणून लावलेली असते, खालच्या गावांत बांध पेटवतात ती वर येते. तेही लिहा.

माझी आजी कधीच जाळायची नाही. झाडू करून आणायची आणि फुलं गळायला लागायच्या आधी झाडाखालचा पाला गोल ओढून कडेला ढीग करायची. दोन बायकांना एका झाडाला अर्धा तास लागतो. तो ढीग पावसाळ्यात कुजतो आणि भगरीच्या, मक्याच्या शेतात जातो. काही ठिकाणी झाडाखाली जाळी नाहीतर जुन्या साड्या जोडून अंथरतात, फूल स्वच्छ मिळतं, माती लागत नाही आणि व्यापारी भाव जरा बरा देतो. जाळीला पैसे लागतात एवढंच. ज्यांना नवरंगाचं खरंच वाटतं त्यांनी दोष देण्याआधी जाळीचा विचार करावा.

आणि हो, तोरणमाळच्या वाटेवर सीताखाईच्या अलीकडे मी हा आवाज ऐकला आहे. पक्षी कोणता ते आज कळलं.

---

केळीचं_पान | १ जून, रात्री ८:००

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आमच्या पश्चिमेच्या काठाला मार्चमध्ये आग कुठून आली हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, कारण लिहायला जड जात होतं. ती खालून आली होती. आमच्याच शिवारातल्या बांधावरून. गहू निघाल्यावर काड्या पेटवल्या होत्या, वारा फिरला आणि बांध, मग नाला. मोहाचा तिथं संबंधच नव्हता.

झाडाखालचा पाला ओढून ढीग करायची तुमच्या आजीची रीत मी आमच्या गावात सांगणार आहे. वर पाच-सहा मोहाची झाडं आहेत, ज्या घरांतून वेचायला जातात ती माणसं माझ्या ओळखीची आहेत. दोन जाळ्यांचे पैसे मी देतो. केळीच्या घडांना झाकायला जाळी आणतोच आम्ही, त्यातलीच चालेल का ते बघून कळवा.

---

मोहफूल | १ जून, रात्री ८:३०

बारीक छिद्रांची असेल तर चालेल. जमिनीला टेकवू नका, चार खुंट्यांना वीतभर वर ताणा, नाहीतर दवानं फूल काळं पडतं.

---

कॅमेरा_रावेर | २ जून, सकाळी १०:१२

मस्त धागा. केळीचं पान दादा, नाल्याचं नेमकं लोकेशन टाका ना. आम्ही चार जण रविवारी येतो. मोबाइलवर आवाज लावला की लगेच समोर येतो म्हणे, मागं एकानं पाच मिनिटांत काढला होता फोटो.

---

डोंगरीकाठ | २ जून, सकाळी ११:०५

दादांनी लोकेशन टाकू नये अशी माझी विनंती आहे, आणि का ते तुम्हाला सांगते. रागावू नका.

आवाज लावला की तो येतो हे खरं. पण तो तुम्हाला भेटायला येत नाही. त्याला वाटतं दुसरा नर आपल्या जागेत शिरला. आठ-नऊशे किलोमीटरहून जास्त अंतर रात्री-रात्री उडून आलेला पन्नास ग्रॅमचा पक्षी, पोट भरायच्या वेळात नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो. तुमच्यानंतर दुसरा ग्रुप, मग तिसरा. जागा सोडून गेला तर त्या हंगामात पिल्लं नाहीत. घरटं जमिनीवर किंवा अगदी खालच्या फांदीवर असतं, चार माणसं फोटोसाठी पाचोळ्यातून फिरली तर पाय कुठं पडेल सांगता येत नाही. शिवाय आपण गेलो त्या पायवाटेनं मुंगूस आणि मांजर नंतर जातात.

फोटो हवा असेल तर माझं ऐका. पाटणादेवीला या. चंडिकेच्या देवळाच्या खाली नदीकाठी सावलीत पहाटे साडेपाचला एका जागी बसा. भडक कपडे नकोत. दोन तास बसा. पहिल्या दिवशी कदाचित नाही दिसणार. ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी तो पाला उलटताना, खाताना, त्याच्या मनासारखा वागताना दिसेल, आणि तो फोटो चोच वासून भेदरलेल्या पक्ष्याच्या फोटोपेक्षा कितीतरी चांगला येईल.

---

कॅमेरा_रावेर | २ जून, दुपारी १२:४०

ताई, भांडणाचं हे माहीत नव्हतं. आवाज लावणार नाही. पाटणादेवीला येतो.

---

निवृत्त_पोस्टमन | ४ जून, सायंकाळी ५:५०

थोडं जुनं सांगतो. नंदुरबार, तळोदा, शहादा या भागात माझी नोकरी गेली.

आपला पश्चिम खानदेश पक्षी अभ्यासात फार जुना आहे. जेम्स डेव्हिडसन नावाचा इंग्रज अधिकारी इथं होता, त्यानं पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी १८८२ मध्ये छापली. त्याच काळात त्याला रानपिंगळा (जंगलातलं एक छोटं घुबड) मिळाला. १८८४ नंतर तो पक्षी कुणालाच खात्रीनं सापडला नाही. संपला असं धरून चालले होते. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या अमेरिकी अभ्यासकांना तो दिसला, आणि कुठं? शहाद्याजवळच्या जंगलात. ११३ वर्षांनी. ज्या डोंगरांकडे पाठ करून मी बारा वर्षं पत्रं वाटली त्याच डोंगरांत.

हे इथं लिहायचं कारण असं की रानपिंगळ्याला विरळ सागवान आणि मोकळी जमीन चालते, तो फांदीवरून जमिनीवरच्या पाली-सरडे-उंदीर टिपतो. नवरंगाला नाल्याची दाट सावली आणि पाला लागतो. दोघं एकाच डोंगरात. म्हणजे सगळं जंगल एकसारखं राखून भागत नाही. पाला राखायचा तर आधी नाले राखा, असं माझं मत.

---

वनमजूर | ४ जून, रात्री ९:००

पोस्टमन काका बरोबर बोलले. आम्ही नाल्यालाच आधी धावतो. पण घाणेरीच्या झुडपांचं काय करावं? नाल्यांत घाणेरी माजली आहे, काढा म्हणतात. आणि नवरंग तिच्याखालीच लपतो.

---

डोंगरीकाठ | ५ जून, सकाळी ७:१५

दादा, एकदम सगळी काढू नका एवढं मला वाटतं. करवंद, कुडा, बांबू वर यायला लागले तिथली आधी, आणि जून ते सप्टेंबर हात लावायचा नाही.

---

केळीचं_पान | २३ जुलै, रात्री ९:३०

बऱ्याच दिवसांनी लिहितो. पाऊस चांगला आहे, नाला वाहतोय.

गेल्या मंगळवारी म्हैस चुकली म्हणून पूर्वेच्या काठानं वर गेलो. नवरंग चोचीत गांडुळं घेऊन जाताना दिसला. एक नाही, चार-पाच, दोन्ही बाजूंनी लोंबत होती. मी जागीच बसलो. तो बांबूच्या बेटाजवळ उतरला, इकडंतिकडं बघितलं, दोन उड्या मारल्या आणि पाचोळ्याच्या एका ढिगात शिरला. मला वाटलं पुरानं आणलेला कचरा अडकलाय. बाहेर आला तेव्हा चोच रिकामी.

तो ढीगच घरटं होतं. फुटबॉलपेक्षा जरा मोठं, गोल, वरून बंद, बाजूनं दार. बाहेरून सागाची कुजकी पानं, काड्या, बांबूचा पाला. दारासमोर काड्यांचा छोटा ओटा. पाऊस पडत होता आणि वरच्या पानांवरून पाणी निथळत होतं, दारात नाही. अर्ध्या तासात दोन पक्षी आळीपाळीनं सहा वेळा आले. नर कोण, मादी कोण, सांगता येत नाही, दोघं सारखेच दिसतात आणि काम दोघंही करतात. अंडी घालतात चार-पाच, पांढरी चकचकीत, जांभळट ठिपक्यांची. मी बघायला गेलो नाही, जायचंही नव्हतं. आतून बारीक चिवचिव येत होती तेवढी ऐकली.

म्हैस खालच्या डोहावर मिळाली. तेव्हापासून गुरं तिकडंच नेतो.

पश्चिमेच्या काठावर टाकळा कमरेएवढा वाढला आहे. त्याखाली पाला नाही.

---

भुसावळकर | २३ जुलै, रात्री १०:०५

मुलीला वाचून दाखवलं. तिचा नववा रंग सापडला, पायांचा गुलाबी. ती विचारतेय, पिल्लांना पण नऊ असतात का?

---

केळीचं_पान | २४ जुलै, सकाळी ६:२०

तिला सांगा, सुरुवातीला मळकट असतात. रंग नंतर चढतात, तोवर ती दक्षिणेच्या वाटेला लागायच्या बेतात येतात.

---

केळीचं_पान | ५ सप्टेंबर, रात्री ८:४५

शेवटची शीळ वहीत १४ ऑगस्टची आहे. घरटं आज जवळ जाऊन पाहिलं, रिकामं, छपराला वाळवी लागली आहे. तसंच राहू दिलं. वनमजूर दादा, तुमच्याकडे अजून आवाज आहे का?

---

वनमजूर | ६ सप्टेंबर, दुपारी १२:१०

आवाज नाही. पण परवा गस्तीवर पाचोळ्यात टप्, टप् ऐकलं. थांबलो. मग काहीच नाही.